उंबरठ्यावरची तपासणी

एका संगणकप्रणालीकडून दुसरीकडे जी माहिती पाठविली जाते, ती आज बहुतांशी जेसन नावाच्या लेखनपद्धतीत पाठविली जाते, आणि या पद्धतीची सोय व तिचा धोका ही दोन्ही तिच्या एकाच गुणातून उत्पन्न झाली आहेत: नोंदीच्या पोटात नोंद, त्या नोंदीच्या पोटात यादी, आणि त्या यादीतील प्रत्येक पदाच्या पोटात पुन्हा नोंद, असे तिच्यात हवे तितके खोल जाता येते. एखाद्या पुस्तक-वितरकाकडे येणारे मागणीपत्र घ्या. त्यात मागणीचा क्रमांक व तारीख असते. ग्राहकाची नोंद असते आणि तिच्या पोटात त्याचा पत्ता असतो. पुस्तकांच्या ओळींची यादी असते आणि प्रत्येक ओळीत ग्रंथाचा आयएसबीएन, प्रतींची संख्या व किंमत असते. शेवटी पैसे कसे चुकते केले याचा तपशील असतो, आणि ते चेकने, यूपीआयने की रोखीने दिले, यावर त्या तपशिलाची अंतर्गत रचना अवलंबून असते. जेसनमध्ये तारखेला स्वतंत्र जात नाही, रुपयांना नाही, पिनकोडाला नाही. अक्षरमाला, संख्या, खरे-खोटे, रिक्त, यादी आणि नोंद एवढ्याच तेथील जाती, आणि बाकीचा सारा अर्थ वाचणाऱ्याने लावून घ्यावयाचा असतो.

हा अर्थ लावण्याचे काम आपल्यापैकी बहुतेकांनी प्रारंभी हातानेच केलेले असते. काही वर्षांपूर्वी अशाच एका वितरणाच्या कामासाठी मी जी तपासणी लिहिली होती, ती ‘हे असेल तर, ते नसेल तर’ अशा अटींची एक लांबलचक शिडी होती. पहिली चूक सापडताच ती थांबे आणि तेवढीच एक चूक कळवून मागणीपत्र परत पाठवी, त्यामुळे ग्राहकाकडील कारकुनाने तिसऱ्या ओळीतील किंमत दुरुस्त करून पत्र पुन्हा रुजू केले, की त्याला नवव्या ओळीतील प्रतींची तक्रार समजे, आणि तीही दुरुस्त केली की पत्त्याची. याहून वाईट गोष्ट पुढे उघडकीस आली. तीच तपासणी आमच्या दप्तरात तीन ठिकाणी तीन हातांनी लिहिली गेली होती, आणि ‘सूट’ हा रकाना कोरा असल्यास त्याचा अर्थ शून्य घ्यावा की मागील करारातील सूट लागू करावी, याविषयी त्या तिन्ही ठिकाणांचे एकमत नव्हते. माहिती तपासली जात होती. परंतु तिचा नियम कोठेही एका जागी वाचावयास मिळत नव्हता.

वर्णनात्मक, म्हणजे डिक्लेरेटिव्ह, तपासणीचा उगम या गैरसोयीत आहे. ज्यांनी सातबाराचा उतारा हाती घेतला आहे, त्यांना हे तत्त्व समजावयास कठीण जाऊ नये. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा हे छापील नमुने तलाठ्याला ‘प्रथम हे पाहा, मग ते पाहा’ असे सांगत नाहीत. कोणता रकाना कोठे आहे आणि त्यात कोणत्या स्वरूपाची नोंद यावी, एवढेच ते सांगतात. त्याचप्रमाणे, जमिनीच्या हक्कात बदल झाल्याची वर्दी आली, तर ती थेट सातबारावर चढत नाही. ती प्रथम गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, लिहिली जाते, आणि प्रमाणित झाल्यावरच तिचा अंमल सातबारावर दिला जातो. बाहेरून आलेली वर्दी आणि प्रमाणित झालेला हक्क या दोन भिन्न वस्तू आहेत, हे आपल्या मुलकी दप्तराने फार पूर्वी ओळखले होते, आणि आज प्रोग्रामरांना पुन्हा नव्याने समजावून सांगावे लागते ते हेच आहे.

हासकेल भाषेच्या क्षेत्रातील अलेक्सिस किंग यांनी २०१९ साली हा विचार फार नेमकेपणाने मांडला. त्यांचे म्हणणे असे, की तपासणीने केवळ ‘ठीक’ किंवा ‘अठीक’ असा शेरा मारून कच्ची माहिती तशीच पुढे सोडू नये, तर कच्ची माहिती घेऊन तिच्या जागी अधिक खात्रीची अशी नवी वस्तू परत द्यावी; कारण नुसता शेरा पुढच्या हाताला दिसत नाही, आणि म्हणून पुढचा हात तीच तपासणी भीतीपोटी पुन्हा करतो. हे एकदा मान्य केले, की तपासणी आणि रूपांतर ही दोन वेगळी कामे राहत नाहीत. ‘२०२४-०८-१५’ ही अक्षरमाला तारीख आहे की नाही, हे ठरविण्याचा प्रामाणिक मार्ग म्हणजे तिची तारीख बनवून पाहणे. आणि ती बनलीच असेल, तर अक्षरमाला पुढे वाहून नेण्याचे कारणच उरत नाही.

या लेखात मी पायथन भाषेतील पायडॅन्टिक या लायब्ररीच्या आधाराने पुढील विवेचन करीत आहे. पायथनमध्ये प्रकारांच्या सूचना, म्हणजे टाइप हिंट, लिहिण्याची रीतसर सोय २०१५ साली ३.५ या आवृत्तीत आली. परंतु भाषा स्वतः त्या सूचनांची अंमलबजावणी करीत नाही, त्या केवळ लिहून ठेवलेल्या असतात. सॅम्युएल कॉल्विन यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पायडॅन्टिकचे वैशिष्ट्य असे, की त्याने याच सूचनांना नमुन्याचे स्थान दिले आणि त्यांच्याबरहुकूम येणारी माहिती तपासून तिचे रूपांतर करण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली. जून २०२३ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत तिचा तपासणीचा गाभा रस्ट भाषेत नव्याने लिहिण्यात आला आणि काही नियमही बदलले; खाली जे सांगितले आहे, ते या दुसऱ्या आवृत्तीस धरून आहे. टाइपस्क्रिप्टमध्ये झॉड आणि क्लोजरमध्ये मल्ली ही लायब्ररी याच मार्गाने जाते, तेव्हा त्या भाषांत काम करणाऱ्या वाचकांनाही तपशील बदलून यातील बराचसा भाग उपयोगी पडेल.

नमुना लिहावयास बसताना सर्वांत बाहेरच्या नोंदीपासून आरंभ करण्याचा मोह होतो, आणि तो आवरला पाहिजे. आतून बाहेर यावे. प्रथम सर्वांत लहान पदांना नावे द्यावीत: ‘प्रतिसंख्या’ म्हणजे एक किंवा त्याहून मोठा पूर्णांक, ‘किंमत’ म्हणजे ऋण नसलेली, दशांशचिन्हानंतर अधिकाधिक दोन स्थाने असलेली दशमान संख्या, ‘पिनकोड’ म्हणजे सहा अंकांची, शून्याने आरंभ न होणारी अक्षरमाला. पायथनच्या ३.९ या आवृत्तीपासून मिळालेल्या ‘अ‍ॅनोटेटेड’ या रचनेने असा एक मूळ प्रकार आणि त्यावरील बंधने एकत्र बांधून त्यांना एक नाव देता येते. मग या पदांपासून ‘पत्ता’ हे मॉडेल रचावे, पत्त्यापासून ‘ग्राहक’, पुस्तकाच्या तपशिलापासून ‘ओळ’, आणि सर्वांत शेवटी ‘मागणी’, जिच्यात एक ग्राहक असतो आणि निदान एक तरी ओळ असलेली यादी असते. अशा रीतीने लिहिलेले बाहेरचे मॉडेल सात-आठ ओळींचे होते, आणि ते वाचणाऱ्याला मागणीपत्राची आकृती एका दृष्टिक्षेपात दिसते. शिवाय ‘पत्ता’ हे मॉडेल पुढे पुरवठादाराच्या नोंदीतही जसेच्या तसे वापरता येते, आणि पिनकोडाचा नियम बदललाच तर तो एकाच जागी बदलावा लागतो. एखादी यादी मॉडेलच्या आवरणाशिवाय उघडीच येत असेल, तर तिच्याकरिता कृत्रिम मॉडेल रचण्याची आवश्यकता नाही. ‘टाइप अ‍ॅडॅप्टर’ नावाची सोय तेवढ्यासाठीच आहे.

येथे एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. अंकांनी लिहिलेली प्रत्येक गोष्ट संख्या नसते. पिनकोड, दूरध्वनीचा क्रमांक, बँकेच्या खात्याचा क्रमांक आणि आयएसबीएन यांची कोणी बेरीज करीत नाही. त्यांना पूर्णांक म्हणून घोषित केल्यास दर्शनी शून्ये नाहीशी होतात, आणि दहा अंकी जुन्या आयएसबीएनच्या शेवटी तपासणीचा अंक म्हणून ‘एक्स’ हे अक्षर येऊ शकते, त्याला तर पूर्णांकात जागाच नाही. उलट, पैसा ही खरोखरच संख्या आहे, पण ती द्विमान अपूर्णांकाच्या जातीत ठेवू नये, कारण त्या जातीत एक दशांश अचूक मांडताच येत नाही. रुपयांसाठी ‘डेसिमल’ ही जात वापरावी आणि पाठविणाऱ्याशी ठराव करून किंमत जेसनमध्ये अक्षरमाला म्हणूनच मागवावी.

तपासणी किती कडक असावी, हा यापुढचा प्रश्न. पायडॅन्टिक स्वभावतः सौम्य आहे: पूर्णांकाच्या जागी ‘12’ ही अक्षरमाला आली तर ते तिचा पूर्णांक करते, पूर्ण किमतीचा अपूर्णांक आला तर तोही स्वीकारते, परंतु साडेबारा आले तर नामंजूर करते. पहिली आवृत्ती या ठिकाणी अर्धा भाग गुपचूप टाकून देत असे, आणि दुसऱ्या आवृत्तीने ती सवय मोडली हे फार योग्य झाले. अक्षरमालेच्या जागी पूर्णांक आल्यास तो आता आपोआप अक्षरमालेत बदलला जात नाही, हाही तसाच इष्ट फरक आहे. खऱ्या-खोट्याच्या जागी मात्र ‘येस’, ‘ऑन’, ‘नो’, ‘ऑफ’ असे शब्दही मान्य होतात, याची जाणीव असू द्यावी. माझे मत असे, की अर्जाच्या पडद्यावरून किंवा जुन्या तक्त्यांतून येणाऱ्या माहितीपुरती ही सौम्यता ठेवावी, कारण तेथे सर्वच रकाने अक्षरमालेच्या रूपाने येतात; परंतु आपल्याच दोन प्रणालींमधील व्यवहारात ‘स्ट्रिक्ट’ हा कडक प्रकार वापरावा, कारण तेथे चुकीच्या जातीचे पद आले, तर त्याचा अर्थ कोठे तरी बिघाड झाला आहे एवढाच असतो, आणि तो झाकला जाणे हिताचे नाही.

अनोळखी रकान्यांच्या बाबतीतही असाच विचार करावा. नमुन्यात नसलेला रकाना आला, तर पायडॅन्टिक तो निमूटपणे वगळते. परक्या पुरवठादाराकडून येणाऱ्या नोंदींसाठी हे ठीक आहे, कारण त्याने उद्या एक नवा रकाना जोडला म्हणून आपले काम थांबता कामा नये. परंतु ‘सूट’ हा ऐच्छिक रकाना कोणी एका अक्षराच्या चुकीने लिहिला, तर तो वगळला जाईल, ऐच्छिक असल्यामुळे त्याची अनुपस्थिती कोणाच्या ध्यानात येणार नाही, आणि ग्राहकाला सुटीविना बिल जाईल. ज्या नमुन्यात ऐच्छिक रकाने पुष्कळ आहेत आणि पाठविणारा आपल्या ओळखीचा आहे, तेथे ‘एक्स्ट्रा’ या मांडणीस ‘फॉरबिड’, म्हणजे निषिद्ध, असा स्पष्ट हुकूम द्यावा.

रकाना मुळातच नसणे, तो असूनही रिक्त असणे, आणि त्यात कोरी अक्षरमाला असणे, या तीन अवस्था भिन्न आहेत, आणि अनुभवावरून सांगतो की खोल गुंफलेल्या माहितीतील निम्म्याहून अधिक डोकेदुखी या तिन्ही एकच समजण्यातून उद्भवते. दुसऱ्या आवृत्तीत ‘ऑप्शनल’ असे घोषित केलेले पद रिक्त असू शकते, एवढाच त्याचा अर्थ होतो. त्याला मूळ मूल्य दिले नसेल, तर रकाना हजर असलाच पाहिजे. पहिल्या आवृत्तीत असे पद न दिल्यास ते रिक्त समजले जाई, आणि जुना मसुदा नव्या आवृत्तीवर नेताना पुष्कळांची गाडी येथेच अडते. एखाद्या नोंदीत अंशतः दुरुस्ती करण्याचा व्यवहार असेल, तर हा भेद अधिकच महत्त्वाचा ठरतो: ग्राहकाने दूरध्वनीचा रकाना पाठविलाच नाही, तर जुना क्रमांक राहू द्यावयाचा, आणि रिक्त पाठविला, तर तो पुसावयाचा. कोणते रकाने प्रत्यक्ष आले होते, याची याद मॉडेल स्वतःजवळ ठेवते, आणि परत लिहिताना ‘एक्सक्लूड अनसेट’ असे सांगितले म्हणजे न आलेले रकाने बाहेर पडत नाहीत. कोऱ्या अक्षरमालेचे काय करावे, हे मात्र लायब्ररी आपल्यासाठी ठरवू शकत नाही. ते आपण ठरवून एका लहान रूपांतरात लिहून टाकावे.

आता रूपांतरांकडे वळू. एखाद्या पदावर आपला स्वतःचा नियम बसविण्याच्या मुख्य जागा दोन: मूळ जातीच्या तपासणीपूर्वी, जिला ‘बिफोर’ म्हणतात, आणि तिच्यानंतर, जिला ‘आफ्टर’ म्हणतात. कोणता नियम कोठे ठेवावा, याविषयी मी स्वतःपुरता असा दंडक घालून घेतला आहे की लेखनाच्या रूपाशी संबंधित सर्व काही ‘बिफोर’मध्ये आणि अर्थाशी संबंधित सर्व काही ‘आफ्टर’मध्ये. आयएसबीएनमधील जोडरेघा व मोकळ्या जागा काढून टाकणे हे लेखनाचे काम, म्हणून ते आधी. आणि तेरा अंकांना आळीपाळीने एक व तीन यांनी गुणून येणाऱ्या बेरजेस दहाने निःशेष भाग जातो की नाही हे पाहणे हे अर्थाचे काम, म्हणून ते नंतर. एकाच पदावर असे अनेक नियम एकापुढे एक बांधले, तर ‘आफ्टर’चे नियम लिहिलेल्या क्रमाने चालतात, परंतु ‘बिफोर’चे उलट क्रमाने, म्हणजे शेवटचा आधी, चालतात, हे विसरल्यामुळे जाणारा वेळ पुष्कळ असतो, तेव्हा आधीचे रूपांतर शक्यतो एकाच नियमात पूर्ण करावे. नियम मोडल्याचे कळविण्यासाठी ‘व्हॅल्यू एरर’ वापरावा. ‘असर्ट’ लिहिल्यानेही तक्रार नोंदली जाते खरी, परंतु पायथन ऑप्टिमायझेशनच्या कळीसह चालविला तर ती विधाने गळून जातात आणि त्यांच्याबरोबर आपली तपासणीही जाते.

मराठी मजकूर हाताळणाऱ्या वाचकांसाठी या जागी तीन गोष्टी विशेष सांगितल्या पाहिजेत, कारण परभाषेतील मार्गदर्शनात त्या आढळत नाहीत. पहिली अंकांची. ग्राहकाने प्रतींच्या रकान्यात देवनागरीत ‘१२’ लिहिले, तर ती त्याची चूक नव्हे. देवनागरी अंकांचे आंतरराष्ट्रीय अंकांत रूपांतर करणारा एक ‘बिफोर’ नियम लिहून तो प्रतिसंख्या, किंमत आणि पिनकोड या तिन्ही पदांस लावावा. नुसत्या आकृतिबंधावर, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशनवर, भिस्त ठेवून चालत नाही, कारण ‘कोणताही अंक’ या अर्थाचे त्यातील चिन्ह युनिकोडच्या नियमाप्रमाणे देवनागरी अंकही मान्य करते. मग सदाशिव पेठेचा ‘४११०३०’ हा पिनकोड तपासणीतून सुखरूप पार पडतो आणि पुढे टपालाच्या यादीत जुळणी करताना मात्र सापडत नाही. आकृतिबंधात आंतरराष्ट्रीय अंकांची व्याप्ती स्पष्ट लिहावी. दुसरी गोष्ट लांबीची. ग्राहकाच्या नावाला कमाल लांबीचे बंधन घातले, तर ती लांबी अक्षरांत नव्हे, तर युनिकोडच्या संकेतांकांत मोजली जाते: ‘क्षितिज’ हे आपण तीन अक्षरी समजतो, परंतु क, हलन्त, ष, दोन वेलांट्या, त आणि ज मिळून त्याची लांबी सात भरते. इंग्रजी नावांवरून ठरविलेली मर्यादा मराठी नावांस अन्याय करते, म्हणून ती उदारपणे ठेवावी. तिसरी गोष्ट समान दिसणाऱ्या अक्षरांची. ‘ऱ्हास’ किंवा ‘तऱ्हा’ यांतील ऱ हा एका संकेतांकानेही लिहिता येतो आणि र व नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही. डोळ्याला दोन्ही एकच, यंत्राला दोन्ही निराळे. मजकूर आत घेताना त्यास एनएफसी या युनिकोडच्या सामान्यरूपात आणणारा नियम सर्व नावांना व शीर्षकांना लावला, तर दोन्ही लेखने एकाच संकेतांकावर येतात, आणि एकच ग्राहक खतावणीत दोनदा चढण्याचे टळते.

बाहेरच्या रकान्यांची नावे आपल्या नावांशी जुळत नसतील, तर त्यासाठी स्वतंत्र रूपांतर लिहू नये. ‘अलायस’ म्हणून पर्यायी नाव घोषित करावे. बाहेरची रचना अनावश्यक खोल असून आपल्याला तिच्या तळाशी असलेले एकच पद हवे असेल, तर ‘अलायस पाथ’ने तेथवरचा मार्ग सांगता येतो, आणि जुन्या-नव्या दोन नावांपैकी कोणतेही चालावे असे असेल, तर ‘अलायस चॉइसेस’ आहे.

एका पदाची शुद्धता दुसऱ्यावर अवलंबून असेल, जसे मागणीची एकूण रक्कम आणि ओळींची बेरीज, तर तो नियम संपूर्ण मॉडेलवर, सर्व पदे तपासून झाल्यावर, बसवावा. आतील एखादे पद नामंजूर झाले असेल, तर असा नियम चालविलाच जात नाही. म्हणजे पाठविणाऱ्यास पदांच्या चुका एका फेरीत आणि बेरजेची चूक पुढच्या फेरीत कळेल. आणि हे योग्यच आहे, कारण ज्या ओळीची किंमतच वाचता आली नाही, तिची बेरीज कोणी करावयाची?

पैसे चुकते केल्याच्या तपशिलासारखी जागा, जेथे तीन भिन्न आकृत्यांपैकी कोणतीही एक येऊ शकते, तेथे तिन्ही मॉडेलांचा ‘युनियन’ नुसता घोषित करून थांबू नये. तसे केल्यास लायब्ररी प्रत्येक आकृती लावून पाहते, आणि एकही जुळली नाही तर तिन्हींच्या तक्रारी एकत्र परत करते. यूपीआयच्या एका रकान्यात चूक करणाऱ्या ग्राहकाला चेकचा क्रमांक दिला नाही म्हणून दोष दिला जातो. प्रत्येक आकृतीत ‘प्रकार’ असा एक रकाना ठेवून त्यात ठरीव शब्द यावा, आणि तोच ‘डिस्क्रिमिनेटर’ म्हणून घोषित करावा. मग तो शब्द पाहून एकच मॉडेल निवडले जाते आणि तेवढ्याच्याच तक्रारी येतात.

तक्रारींविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण सबंध पद्धतीचे खरे फळ तेथे हाती येते. पायडॅन्टिक पहिल्या चुकीपाशी थांबत नाही. ते सर्व पदांच्या चुका गोळा करून त्यांची यादी देते, आणि त्या यादीतील प्रत्येक कलमात चुकीचा प्रकार, तिचे वर्णन, आलेले मूल्य आणि त्या जागेचा संपूर्ण मार्ग असतो: ओळी, त्यांतील दुसरी, तिची किंमत. यंत्र यादी शून्यापासून मोजते, तेव्हा माणसाला दाखविताना ‘दुसरी’ऐवजी ‘तिसरी ओळ’ असे एकाने वाढवून लिहावे. वर्णन इंग्रजीत असते; ग्राहकाला मराठीत कळवावयाचे असेल, तर त्या वर्णनाच्या शब्दांवर अवलंबून न राहता चुकीच्या प्रकाराचे जे स्थिर नाव असते त्यावरून मराठी वाक्याचा तक्ता करावा, कारण वर्णनाचे शब्द पुढील आवृत्तीत बदलू शकतात. आणखी एक दक्षता अत्यावश्यक आहे. तक्रारीत आलेले मूल्य जसेच्या तसे असल्यामुळे ग्राहकाचा दूरध्वनी, खात्याचा क्रमांक, कधी तर गुप्त शब्दही, तपासणीच्या दप्तरात म्हणजे लॉगमध्ये उमटतो, आणि तेथे तो वर्षानुवर्षे पडून राहतो. खाजगी माहितीच्या नमुन्यांवर ‘हाइड इनपुट इन एरर्स’ ही मांडणी लावावी; परंतु ती केवळ छापल्या जाणाऱ्या मजकुरातून मूल्य झाकते, तेव्हा तक्रारींची यादी स्वतः लिहून ठेवताना मूल्याचे कलम हातानेही वगळावे.

नमुन्यात काय लिहू नये, तेही सांगितले पाहिजे. हे पुस्तक साठ्यात आहे काय, या ग्राहकाची पत शिल्लक आहे काय, असे प्रश्न विचारण्यासाठी नियमाच्या पोटातून डेटाबेसकडे धाव घेऊ नये. ज्या गोष्टीचा निर्णय समोरच्या कागदावरूनच देता येतो, तेवढीच नमुन्याच्या अधिकारात आहे. जिच्यासाठी उठून दुसऱ्या खोलीत जाऊन विचारावे लागते, ती व्यवहाराची बाब आहे आणि ती पुढच्या टप्प्यावर पाहावी. अन्यथा वीस ओळींच्या मागणीपत्रासाठी वीस वेळा डेटाबेस ठोठावला जातो, नमुन्याची चाचणी घेण्यास सबंध प्रणाली उभी करावी लागते, आणि तेच मागणीपत्र सकाळी मंजूर व संध्याकाळी नामंजूर होते.

एकदा प्रमाणित झालेली वस्तू आत आल्यावर तिच्यावर विश्वास ठेवावा, तशीच तिच्या शुद्धतेची राखणही करावी. मॉडेल तयार झाल्यानंतर त्याच्या एखाद्या पदास नवे मूल्य दिले, तर ते मूल्य आपोआप तपासले जात नाही. तशी इच्छा असल्यास ‘व्हॅलिडेट असाइनमेंट’ ही मांडणी चालू करावी लागते, किंवा याहून चांगले म्हणजे मॉडेल ‘फ्रोझन’, म्हणजे अपरिवर्तनीय, करून बदल हवा असेल तेव्हा नवी वस्तू बनवावी. ‘मॉडेल कन्स्ट्रक्ट’ नावाची एक मागची वाट तपासणी टाळून वस्तू उभी करते. ती आधीच खात्री झालेल्या माहितीसाठी आहे, घाईसाठी नाही.

ज्यांच्या प्रणालीत आज अटींच्या शिड्या उभ्या आहेत, त्यांनी त्या सगळ्या एका दिवसात पाडू नयेत. जेथे बाहेरची माहिती सर्वाधिक येते आणि तक्रारीही सर्वाधिक होतात, असा एकच दरवाजा निवडावा. तेथे गेल्या काही दिवसांत प्रत्यक्ष आलेली मागणीपत्रे, त्यांतील नामंजूर झालेली विशेषेकरून, नावे-पत्ते बदलून बाजूला काढावीत. नमुना लिहावा आणि जुनी तपासणी चालू ठेवूनच त्या सर्व पत्रांवर तो चालवून पाहावा. जेथे दोघांचा निर्णय भिन्न पडेल, तेथे काम जाणणाऱ्या माणसाला, म्हणजे वितरणाच्या टेबलावर बसणाऱ्या कारकुनाला, विचारावे, आणि तो जे सांगेल ते नमुन्यात लिहून त्या पत्राची चाचणी कायमची ठेवून द्यावी. आमच्या ‘सूट’ या रकान्याचा निकाल याच रीतीने लागला: कोरा रकाना आल्यास करारातील सूट लागू होते, शून्य सूट द्यावयाची असेल तर शून्य लिहावे लागते, आणि हा नियम आता ‘ओळ’ या मॉडेलमध्ये एका जागी लिहिलेला आहे.